मोंतेवेर्देला जायचंय? कोस्टा रिकातल्या ढगांच्या जंगलाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, आणि गेल्या काही वर्षांत तीनदा मोंतेवेर्देला जाऊन आलो, एकदा दोघंच, एकदा मुलांना घेऊन आणि शेवटच्या वेळी पुण्याहून आलेल्या आईला घेऊन. तेव्हापासून मित्रमंडळी, नातेवाईक, मंडळातले लोक सारखे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

मोंतेवेर्दे हे गावाचं नाव आहे की जंगलाचं? बुकिंग करताना सगळीकडे सांता एलेना का दिसतं?

सगळ्यांचा इथे गोंधळ होतो. मोंतेवेर्दे हे त्या सगळ्या भागाचं नाव. तिथलं मुख्य गाव म्हणजे सांता एलेना, बस तिथेच थांबते, एटीएम, सुपरमार्केट, औषधाचं दुकान, हॉटेलं सगळं तिथे. तिथून रिझर्व्हकडे, म्हणजे राखीव जंगलाकडे, जो चढाचा रस्ता जातो त्याच्यावर जुनी वस्ती पसरलीये, तिला खरं मोंतेवेर्दे म्हणतात. म्हणजे राहायचं सांता एलेनाला आणि सांगायचं मोंतेवेर्देला गेलो होतो, दोन्ही बरोबरच. तिलारान डोंगररांगेत साधारण १४०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढं उंच. गाव इतकं लहान की अर्ध्या तासात पायी फिरून होतं.

ढगांचं जंगल म्हणजे नक्की काय? पावसाळी जंगलच ना ते?

नाही, आणि हा फरक नीट कळला तर ट्रिपची मजा दुप्पट होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॅरिबियन समुद्रावरून व्यापारी वारे ओलसर हवा घेऊन येतात, ती हवा डोंगराला थडकून वर चढते, थंड होते आणि तिचे ढग होतात, आणि हे ढग वर आकाशात न राहता थेट झाडांमधून वाहत जातात. पाऊस पडत नसला तरी पानं, शेवाळ, फांद्या त्या ढगातलं पाणी पकडतात आणि ते खाली टपकत राहतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी छत्री उघडली, आमचा गाइड म्हणाला की पाऊस नाहीये, झाडातून बाहेर मोकळ्यात या, आणि खरंच मोकळ्यात आलो तर वर एक थेंब नाही. झाडच पाऊस पाडत होतं.

त्यामुळे तिथे एकही फांदी मोकळी दिसत नाही. शेवाळ, नेचे, आमरी म्हणजे ऑर्किड, अननसाच्या कुळातली ब्रोमेलिया, सगळं एकमेकांवर रचलेलं. आई बघताक्षणी म्हणाली, किती ही बांडगुळं! पण ही बांडगुळं नाहीत, बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ही फक्त बसायला जागा घेतात आणि अन्नपाणी हवेतून, ढगातून, साचलेल्या पालापाचोळ्यातून मिळवतात. एका फांदीवरचं शेवाळ मी बोटाने हलकेच दाबलं तर स्पंजासारखं पाणी निथळलं, आणि त्या शेवाळात टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं होती, ती ऑर्किडची आहेत हे गाइडने भिंगातून दाखवलं तेव्हा कळलं. तुम्हीही एक साधं भिंग घेऊन जा, मनापासून सांगते.

आणखी एक, या डोंगराच्या माथ्यावरून खंडाची पाणलोट रेषा जाते. इकडे पडलेला थेंब पॅसिफिकला, तिकडे पडलेला कॅरिबियनला. सह्याद्रीच्या धारेवर वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं, आपल्याकडे नाही का एका बाजूचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचं कृष्णा-गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला.

रिझर्व्ह बरीच आहेत, एकाच ठिकाणी जायचं तर कुठे जावं?

मुख्य चार आहेत.

मोंतेवेर्दे रिझर्व्ह सगळ्यात प्रसिद्ध, १९७२ मध्ये सुरू झालं, गावापासून साधारण ६ किलोमीटर. वाटा उत्तम, गर्दीही जास्त. सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरलात तर पहिले दोन तास शांतता मिळते.

सांता एलेना रिझर्व्ह ३१० हेक्टरचं, जरा जास्त उंचीवर, म्हणून जास्त ढगात आणि जास्त चिखलात. हे १९९२ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि गावातल्या शाळेशी जोडलेलं आहे, म्हणजे तिकिटाचे पैसे तिथल्या मुलांच्या शिक्षणाला लागतात. ढग अनुभवायचे तर माझं मत इथे. आकाश मोकळं असेल तर आरेनाल ज्वालामुखी दिसतो, आम्हाला तीन वेळांत एकदाच दिसला.

कुरी कांचा छोटं, ८३ हेक्टर. त्यातला काही भाग पूर्वी गायरान होता, म्हणून झाडी थोडी विरळ आहे आणि त्यामुळेच पक्षी सापडायला सोपे. पक्ष्यांसाठी जात असाल तर डोळे झाकून इथे जा.

आणि चौथं बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस, म्हणजे मुलांचं चिरंतन जंगल. त्याची गोष्ट खाली सांगते. बाहो देल तीग्रे नावाचा त्याचा एक छोटा भाग गावाजवळ आहे, चढ फारसा नाही, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना झेपतो.

केत्साल पक्षी दिसेल का हो? त्याच्यासाठीच चाललोय.

साधारण फेब्रुवारी-मार्च ते जून-जुलै हा त्याचा विणीचा काळ, तेव्हा शक्यता सगळ्यात जास्त. इतर वेळी तो खाण्याच्या शोधात वर-खाली सरकतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे आग्वाकातियो, आपण जो अवोकाडो खातो त्याचा जंगली भाऊ, ऑलिव्हएवढं फळ. ते अख्खं गिळतो आणि बी नंतर तोंडातून टाकून देतो, म्हणजे तोच त्या झाडांची लागवड करतो. म्हणून गाइड पक्षी शोधत नाहीत, फळ लागलेलं झाड शोधतात आणि तिथे थांबतात.

आम्हाला दुसऱ्या ट्रिपला दिसला, कुरी कांचाला, सकाळी सातच्या सुमारास. चाळीस मिनिटं एका झाडाखाली उभे होतो, मुलं कंटाळली होती, आणि गाइडने नुसता हात वर केला. आधी मला काहीच दिसेना, कारण एवढा हिरवागार पक्षी हिरव्या पानात बसल्यावर दिसत नाही, मग त्याने मान वळवली आणि पोटावरचा लाल रंग चमकला. शेपटीवरची ती लांब पिसं, दोन फुटांच्या आसपास असतात, वाऱ्यावर सुट्या रिबिनीसारखी हलत होती. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती, ती त्यानंतर जेवणापर्यंत एक शब्द बोलली नाही.

आणि नाही दिसला तरी कानांनी ऐका. मार्च ते जुलैच्या दरम्यान घंटापक्षी असतो, तिकडे पाहारो काम्पाना म्हणतात, त्याचा आवाज म्हणजे देवळातल्या घंटेवर एकदाच ठोका मारून लगेच हाताने धरल्यासारखा, आणि तो पार पलीकडच्या डोंगरावरून ऐकू येतो.

हमिंगबर्ड? ते तर आपल्याकडेही असतात ना?

नसतात. आपण फुलावर बघतो तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात आहेत. मोंतेवेर्दे रिझर्व्हच्या दाराशी असलेल्या कॅफेजवळ ते डोक्याला घासून जातील इतके जवळून उडतात, जांभळा सेबरविंग तर एवढा मोठा आणि एवढा गर्द रंगाचा की आई म्हणाली पैठणीचा पदर उडतोय. आत जायची ताकद नसली तरी इथे नुसतं बसता येतं.

कधी जावं?

डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम, मे ते नोव्हेंबर पावसाचा. पण 'कोरडा' हा शब्द इथे फसवा आहे, कारण डिसेंबर ते फेब्रुवारी वारा प्रचंड सुटतो आणि त्याच्याबरोबर आडवी झिमझिम येते. माझी शिफारस मार्चचा शेवट ते मेची सुरुवात, वारा कमी झालेला असतो आणि पक्षी भरपूर. फक्त ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, अख्खा देश सुट्टीवर असतो आणि सगळं फुल असतं. पावसाळ्यात गेलात तर सकाळी फिरून घ्या, पाऊस शक्यतो दुपारनंतर येतो.

पोचायचं कसं?

विमानतळ दोन, सान होसे आणि लिबेरिया, दोन्हीकडून गाडीने साधारण तीन तास धरा. सान होसेहून पब्लिक बस आहे, साडेचार-पाच तास लागतात, स्वस्त आणि ठीकठाक. शेअर व्हॅनही मिळतात. आणि आरेनाल ज्वालामुखीजवळच्या ला फोर्तुना गावाहून येणार असाल तर टॅक्सी-बोट-टॅक्सी घ्या, म्हणजे व्हॅनने आरेनाल तलावापर्यंत, बोटीने तलाव पार आणि पलीकडून परत व्हॅन, कारण रस्त्याने तलावाला पूर्ण वळसा घालावा लागतो.

पूर्वी इथला रस्ता दगडधोंड्यांचा म्हणून बदनाम होता, आता ग्वासिमालकडून वर येणारा मुख्य रस्ता डांबरी झालाय. तरी वळणं घाटाची आहेत आणि धुकं आलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, त्यामुळे काही झालं तरी अंधाराच्या आत पोचा. तिकडे वर्षभर सहाच्या आसपास अंधार पडतो, अमेरिकेतल्या उन्हाळ्याच्या सवयीने हिशोब करू नका.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आम्हाला आलेला अनुभव. ऑनलाइन जो दर दिसला त्याच्या जवळजवळ दुप्पट काउंटरवर भरावा लागला कारण तिथे थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि तो आमच्या त्या दरात धरलेलाच नव्हता, पैशापेक्षा रात्रभरच्या प्रवासानंतर दोन मुलांना घेऊन तासभर वाद घालायला लागला त्याचा मनस्ताप जास्त झाला. आधी ईमेलवर एकूण आकडा लेखी मागून घ्या.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो, पण चालू असलेला अमेरिकेचा मल्टिपल एंट्री टुरिस्ट व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा काढावा लागत नाही. एच-वन वगैरे वर्क व्हिसावाल्यांनी मात्र तिकीट काढायच्या आधी त्यांच्या कॉन्सुलेटला विचारून उत्तर लेखी घ्या, नियम बदलत असतात. भारतातून थेट जाणार असाल तर कोस्टा रिकाची एम्बसी दिल्लीत आहे. मुंबईहून थेट विमान नाही, अमेरिका किंवा युरोपमार्गे जावं लागतं, त्यामुळे ट्रान्झिट व्हिसाचंही आधी बघा. परतीचं तिकीट दाखवावं लागतं. आणि कोलंबिया, पेरू, ब्राझील अशा देशांतून तिथे शिरणार असाल तर यलो फिव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं.

दोन दिवस पुरतील ना?

कळकळीने सांगते, नाही. लोक एक रात्र राहतात, सकाळी झिपलाइन, दुपारी झुलते पूल, संध्याकाळी निघाले, आणि मग म्हणतात की नुसतं धुकंच होतं, काही दिसलं नाही. अहो, धुकं हेच तर बघायचंय. तीन रात्री तरी राहा, एक सकाळ पूर्ण मोकळी ठेवा आणि त्या सकाळी एकाच वाटेवर फक्त अर्धा किलोमीटर चाला. त्या जंगलात जो थांबतो त्याला दिसतं.

गाइड घ्यावाच लागतो का?

सक्ती नाही, पण पहिल्या दिवशी घ्याच. आम्ही पहिल्यांदा पैसे वाचवायला एकटेच गेलो, तीन तासांत एक आगुती, म्हणजे सशाएवढा उंदराच्या जातीचा प्राणी, आणि खूप झाडं बघून आलो. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर गाइडबरोबर गेलो तर फांदीवर गुंडाळलेला हिरवा साप, पानाखाली झोपलेली वटवाघळं, घरट्यावर बसलेली हमिंगबर्डची मादी, सगळं आम्ही आदल्या दिवशी ज्याच्या शेजारून गेलो तिथेच. बहुतेक गाइड याच भागात वाढलेले, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात, दुर्बिणीच्या स्कोपला मोबाइल लावून तुम्हाला फोटोही काढून देतात.

रात्रीच्या वॉकला मुलांना नेलं तर चालेल?

चालेल, आमच्या मुलांना तोच सगळ्यात जास्त आवडला. टॉर्च घेऊन दोन तास. टारांटुला, झोपेत कापसाच्या गोळ्यासारखे फुगलेले पक्षी, बेडूक, नशीब असेल तर स्लॉथ. फक्त रेलिंगला किंवा झाडाला हात लावायचा नाही हे मुलांना आधी बजावून ठेवा, पामवर राहणारे विषारी साप तिथे खरोखर असतात.

झिपलाइन आणि झुलते पूल?

झिपलाइन छान आहे, पण तेव्हा जंगल दिसत नाही, वेग दिसतो. पैसे एकावरच खर्च करायचे असतील तर झुलत्या पुलांवर करा. माणूस एरवी झाडाच्या बुंध्याशी असतो, इथे थेट शेंड्याशी उभा राहतो, आणि या जंगलातलं निम्मं आयुष्य शेंड्यावरच चालतं. आईचे गुडघे दुखतात, तरी तिने दोन पूल हळूहळू पार केले.

हे जंगल वाचलं कसं? क्वेकर लोकांचा काय संबंध?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. क्वेकर हा ख्रिश्चनांमधला शांततावादी पंथ. अमेरिकेतल्या अलाबामामध्ये १९४९ मध्ये त्यांच्यातल्या चार तरुणांनी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्यांना तुरुंगवास झाला. कोस्टा रिकाने त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, स्वतःचं सैन्य बरखास्त केलेलं. मग १९५१ मध्ये त्यांच्यातली काही कुटुंबं तिथून उठून या डोंगरावर आली, गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. शेतीसाठी झाडं तोडलीच त्यांनी, पण ग्वासिमाल नदीच्या उगमाजवळचा साधारण ५५० हेक्टरचा पट्टा मात्र पाण्यासाठी म्हणून हात न लावता ठेवला. मला हे वाचल्यावर लगेच आपली देवराई आठवली, तिथे देवाच्या नावाने राखतात, इथे पाण्याच्या नावाने राखलं, आणि आपल्या कित्येक देवरायांतही झरा असतोच.

पुढे जॉर्ज पॉवेल नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ आणि इथलेच क्वेकर शेतकरी विल्फर्ड ग्विंडन या दोघांनी उरलेलं जंगल वाचवायचं मनावर घेतलं. १९७२ मध्ये ३२८ हेक्टरपासून सुरुवात झाली आणि क्वेकरांचा तो राखलेला पट्टाही नंतर रिझर्व्हला जोडला गेला.

आणि मुलांचं जंगल! १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या खेड्यातल्या शाळेतल्या मुलांनी हे जंगल तुटतंय हे ऐकलं आणि पैसे जमवायला लागली. मग देशोदेशीची मुलं त्यात आली. आज ते २२ हजार हेक्टरांच्या वर पसरलंय, कोस्टा रिकातलं सगळ्यात मोठं खाजगी राखीव जंगल. आमच्या मुलांना ही गोष्ट जाण्याआधी सांगितली होती, तर लेकाने बाहो देल तीग्रेला पोचल्यावर विचारलं, यातलं कुठलं झाड मुलांनी घेतलं? सगळंच, असं सांगितलं मी.

तो सोनेरी बेडूक अजून दिसतो का?

नाही. तो गेला. फक्त याच डोंगराच्या माथ्यावर, काही चौरस किलोमीटरांत राहायचा, नर झगझगीत केशरी. एप्रिलच्या सुमारास पहिल्या पावसात काहीच दिवस झाडांच्या मुळांतल्या डबक्यांत जमायचा आणि परत गायब. १९८७ मध्ये दीड हजारावर मोजले गेले, १९८८ मध्ये दहाच्या आसपास, आणि १५ मे १९८९ ला एकच नर दिसला. त्यानंतर कोणालाच नाही. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. बुरशीचा रोग आणि बदलतं हवामान या दोन्हींकडे बोट दाखवलं जातं. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कोरड्या मोसमात इथे धुकं नसलेले दिवस वाढत चाललेत, आणि खालच्या उंचीवरचे टूकन पक्षी आता वर येऊन घरटी करतायत.

आपल्या आंबोलीत असाच एक छोटा टोड आहे, झँथोफ्रायनी टायगेरिना, आंबोली आणि आसपासच्या मोजक्या जागी सोडून जगात कुठेही नाही, तोही पहिल्या पावसात जांभ्या दगडावरच्या पाण्यात जमतो. पावसाळ्यात आंबोलीला गाडी चालवताना प्लीज रात्री हळू जा.

आम्ही व्हेज आहोत, उपाशी राहू का?

अजिबात नाही. सकाळी गाल्यो पिंतो, म्हणजे रात्रीचा भात आणि काळे बीन्स कांदा-कोथिंबिरीवर परतून, आपल्या फोडणीच्या भाताचाच प्रकार. दुपारी कासादो मागा, भात, बीन्स, कोशिंबीर, तळलेलं पिकं केळं, आणि मांसाऐवजी चीज किंवा अंडं देतात. पण दोन गोष्टी विचारून घ्या, बीन्स डुकराच्या चरबीत केलेत का, चरबीला मान्तेका म्हणतात, आणि सूप कशाच्या पाण्यात आहे. नुसतं व्हेज म्हटलं तर कधी कधी चिकन चालेल असं समजतात, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, चिकन नको, मासे नको, एवढं पाठ करा. तिखट नसतं काहीच, आम्ही पॅकबंद चिवडा नि लसणाची कोरडी चटणी नेली होती, कामी आली.

आणि आग्वा दुल्से नक्की प्या. उसाच्या रसाचा आपल्यासारखाच गूळ करतात, त्याच्या ढेपेला तापा दे दुल्से म्हणतात, तो गरम पाण्यात विरघळवून देतात, दूध घालूनही मिळतं. बाहेर ढग, हातात तो कप, आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, अगं, हे तर गुऱ्हाळावरचं पाणी! मग रोज दोन वेळा.

कपडे, बूट काय न्यावेत?

दिवसा १५ ते २४ अंश, पण वाऱ्याने आणि ओलाव्याने जास्त थंड वाटतं. कोस्टा रिका म्हणजे बीच असं धरून नुसते टीशर्ट नेऊ नका. रेनजॅकेट, पातळ स्वेटर, पटकन वाळणाऱ्या पँट्स, जास्तीचे मोजे. जीन्स भिजली की तीन दिवस वाळत नाही. बूट ग्रिपवालेच, पांढरे स्नीकर्स घरी ठेवा.

पैसे, टिप, पाणी, चार्जर?

डॉलर बऱ्याच ठिकाणी चालतात, सुटे म्हणून तिथलं चलन, कोलोन, थोडं ठेवा, कार्ड चालतं. रेस्टॉरंटच्या बिलात १३ टक्के टॅक्स आणि १० टक्के सर्व्हिस आधीच असते. नळाचं पाणी गावात पितात, आम्हीही प्यायलो, काही झालं नाही. प्लग अमेरिकेसारखे, भारतातून येणाऱ्यांनी अॅडॉप्टर आणावा. रिझर्व्हचं तिकीट सीझनमध्ये आधी काढा, एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात.

स्पॅनिश येत नाही, चालेल का?

टुरिस्टच्या जागी इंग्रजी चालतं. पण तिथल्या लोकांना 'ब्वेनोस दियास' म्हणून सुरुवात केली की चेहराच खुलतो. एक गंमत बघा, तिथे 'उस्तेद' म्हणजे आपलं 'तुम्ही' सर्रास वापरतात, आईबाबा लहान मुलांनासुद्धा. आमच्या लॉजच्या मावशी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला रोज सकाळी विचारायच्या, तुम्ही नीट झोपलात का? लेकीला ते इतकं आवडलं की अजूनही शनिवारी सकाळी उठून ती आजीला फोनवर तेच विचारते, स्पॅनिशमध्ये, आणि आजीने पाठ केलेलं उत्तर येतं, मुई ब्येन, ग्रासियास, म्हणजे अगदी छान, धन्यवाद.